तिसऱ्या ब्रेकला आवाज नव्हता

१

भाऊसाहेब सकाळच्या फेरीला निघाले आणि वसाहतीच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, कडुनिंबाखाली, मेलेले सापडले. कुठल्याशा गाडीचा धक्का लागून त्यांचं डोकं रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलं होतं. गाडीवाला पळून गेला होता. धुकं इतकं दाट होतं की कोणी काही पाहिलं नाही. तरी दुपारपर्यंत गुन्हेगार कोण हे सगळ्या वसाहतीला ठाऊक झालं होतं. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल माणसं इतकी ठाम कशी असतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

गुन्हेगार ठरला नीरज, भाऊसाहेबांचा भाचा. आई गेल्यावर, वयाच्या सहाव्या वर्षी, तो मामा-मामींकडे झाशीला आला आणि त्यांचाच झाला, कारण त्यांना मूलबाळ नव्हतं. भाऊसाहेब सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि नीरज त्याच कारखान्यात कारकून म्हणून लागला. त्याच्या जुन्या गाडीचे ब्रेक गेला महिनाभर असे किंचाळत होते की गाडी वळणावर असतानाच लोक म्हणत, आला नीरज. भाऊसाहेब रोज त्याला ब्रेक दाखवून घे म्हणून सांगत आणि तो रोज रविवारचा वायदा करी.

फाटकाबाहेर चहाची टपरी चालवणाऱ्या कमलला दरोग्यानं, म्हणजे पोलीस फौजदारानं, विचारलं, "गाडी के ब्रेक आवाज कर रहे थे?" ती हो म्हणाली. एवढ्यावर निकाल लागला.

मी अंबरीश. घरी बसून मुलांना संगणकावरून गणित शिकवतो आणि बायकोच्या बदलीबरोबर गावोगाव हिंडतो. बायको मेजर प्रियदर्शिनी, झाशीजवळच्या बबीन्याला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. छावणीत क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही या वसाहतीत भाड्यानं राहत होतो, भाऊसाहेबांच्या शेजारी. मराठी घरं इथे बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे दिवाळीचा फराळ, आजारपण, भांडणं, सगळं एकमेकांत. भाऊसाहेब मला बुद्धिबळात हरवत आणि हरवल्यावर उगाच वाईट वाटल्यासारखा चेहरा करत. मला त्यांची फार आठवण येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भानुमतीकाकू आमच्या दारात आल्या. डोळे कोरडे होते.

"प्रिया, नीरजनं पोलीस थाण्यात कबूल केलंय म्हणे," त्या म्हणाल्या. "उद्या कोर्टात उभं करणार आहेत. मला त्याचं तोंड बघायचं नाही. पण तू एकदा जाऊन ये. त्यानंच केलं ना, एवढं मला नक्की सांग."

२

थाण्यात नीरज बाकावर अंग चोरून बसला होता. शेजारी स्टीलचा रिकामा डबा होता.

"सुभेदारकाका घेऊन आले होते," तो म्हणाला. "कालपण आणला होता. मामींनी तर विचारलंसुद्धा नाही."

सुभेदारकाका म्हणजे सुभाषचंद्र, भाऊसाहेबांचे जिवलग मित्र. सैन्यात वाहनांच्या तुकडीत तीस वर्षं काढलेला माणूस. आदल्या दिवशी भाऊसाहेबांना अग्नीही त्यांनीच दिला होता. नीरज इथे अडकलेला, आणि काकूंनी सांगितलं होतं की तो सुटून आला तरी त्याच्या हातून नको.

"तू काय कबूल केलंस?" प्रियदर्शिनीनं विचारलं.

"मी म्हटलं, शायद मुझसे हुआ." नीरजचा आवाज बसला होता. "दिल्लीहून साहेब येणार होते, त्यांना घ्यायला स्टेशनला निघालो होतो. कडुनिंबापाशी स्पीड ब्रेकर आहे ना, तिथे गाडी उडाली. रोजच उडते. पण त्या दिवशी जरा जास्त उडाली का? मला खरंच आठवत नाहीये, दीदी. ट्रेन लेट होती, म्हणून मी परत आलो तेव्हा लोक जमले होते. मामा तिथेच पडले होते, जिथे माझी गाडी उडाली तिथेच."

"पुढच्या बंपरला पोचा आहे म्हणतात."

"तो दसऱ्याचा आहे. पण कोण मानणार?" त्यानं तोंड हातात झाकलं. "मला जेल होईल, त्याची भीती नाही. मी मामांना मारलं की नाही, एवढंच मला कुणीतरी सांगा. रोज म्हणायचे, ब्रेक दाखव म्हणून."

मला त्याच्याकडे बघवेना. आपल्या हातून माणूस मेला की नाही हेच ज्याला माहीत नाही, त्याला काय बोलून धीर द्यायचा? प्रियदर्शिनीनं मात्र दरोग्याची परवानगी घेतली, नीरजच्या जप्त गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि बॅटरीच्या उजेडात बराच वेळ आत पाहत राहिली. मग शिपायाला गाडी अंगणात थोडी पुढं घ्यायला लावून ब्रेक दाबायला सांगितला. चीं करून असा आवाज आला की माझे दात शिरशिरले.

"हा आवाज ब्रेकच्या पॅडचा नाही," परत येताना ती म्हणाली. "पॅड झिजत आलं की त्याच्यावरची पत्र्याची पट्टी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते. ती मुद्दामच बसवलेली असते, मालकाला कळावं म्हणून. पॅड बदला, एवढंच ती सांगते. ब्रेक लागत नाहीत असं नाही. याचे ब्रेक लागतात."

"म्हणजे हा सुटला?"

"नाही. म्हणजे मला आता एकच विचारायचंय. कमलनं जो आवाज ऐकला तो हाच होता का?"

३

कमल टपरीवर आलं ठेचत होती. दोन दिवसांत तिला इतक्या जणांनी विचारलं होतं की आम्हाला पाहताच तिचा चेहरा आक्रसला.

"हमने देखो कछू नईं, दीदी। कोहरा ऐसो हतो कि अपनो हाथ नईं दिखात तो। बस सुनी।"

प्रियदर्शिनी चहा मागून बाकावर बसली. बोलता बोलता तिनं चमचा उचलला आणि स्टीलच्या ताटलीच्या कडेवरून ओढला. कर्णकर्कश आवाज झाला.

"ऐसी आवाज थी?"

कमल हसली. "जा तो नीरज भैया वाली है। वा तो पहलेंईं निकर गई हती। रोज सुनत, ऊकी का कहें।"

म्हणजे नीरजची गाडी त्याआधीच निघून गेली होती. दरोग्यानं विचारलं होतं की गाडीचे ब्रेक आवाज करत होते का, आणि ती हो म्हणाली होती. कोणती गाडी आणि कसला आवाज, हे कुणी विचारलंच नव्हतं. नीरजचा आवाज ती रोज ऐकायची, म्हणून तो तिनं सांगण्यासारखाही मानला नव्हता.

प्रियदर्शिनीनं रिकाम्या डब्यात खडे टाकून हलवले. कमलनं नकारार्थी मान हलवली. मग ती स्वतःच उठली, मोरीतली चहाची कढई घेतली आणि मूठभर वाळूनं खसाखसा घासू लागली.

"ऐसी। घर्र, घर्र। नीरज भैया के जाबे के बाद।"

"कितनी बार?"

कमलनं डोळे मिटले. आतून येणाऱ्या गाडीचं फाटकापाशीच्या स्पीड ब्रेकरवर पहिल्यांदा जोरात घर्र झालं. मग पुढे कडुनिंबापाशी पुन्हा, पण हलकं, आणि त्यातच धप्प. तिला वाटलं कुणाच्या गाडीवरून पोतं पडलं. मग दार उघडल्याचा आवाज आला. काही वेळानं दार लागलं. गाडी पुढं गेली, चौकातून वळून आली असावी, कारण तीच गाडी हळूहळू परत येऊन फाटकातून आत शिरली.

"तीच कशावरून?" मी विचारलं.

"इंजन ऊई को हतो।"

"और आते वक्त फाटक पर ब्रेक लगाया तो?" प्रियदर्शिनीनं विचारलं. "आवाज हुई?"

"नईं। तब तो बिलकुल चुप्प।"

कमल कढई खाली ठेवून आमच्याकडे पाहू लागली. आपण काय सांगितलं हे तिला तेव्हाच कळलं असावं. "हम चले जाते देखबे," ती हळू आवाजात म्हणाली. "पोतो समझ कें बैठे रहे।" उठून बघायला गेलो असतो तर, असं ती म्हणत होती.

गाडी परत आत आली होती. म्हणजे भाऊसाहेबांना मारणारा आमच्यातच राहत होता.

४

"पहिल्या ब्रेकला जोरात, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला काहीच नाही," प्रियदर्शिनी घरी आल्यावर म्हणाली. "बिघाड असा आपोआप बरा होत नाही. पॅड संपून लोखंडाला लोखंड लागलं तर घरघर प्रत्येक ब्रेकला वाढत जाते. डिस्कमागे खडा अडकला तर तो ब्रेक न लावताही खरवडत राहतो. दोन-तीन ब्रेकांत निघून जातो तो फक्त गंज. ओलाव्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो आणि पॅड घासले की साफ होतो."

"मग धुक्यात सगळ्यांच्याच गाड्यांवर चढत असेल."

"एका रात्रीचा गंज पहिल्याच ब्रेकला जातो, तोही कुजबुजल्यासारखा. कढई घासल्यासारखा आवाज यायला गाडी बरेच दिवस उभी हवी."

आवाज आतून बाहेर गेला आणि बाहेरून आत आला. फाटकाआड गाड्या तीनच. नीरजची. शाळेत शिकवणाऱ्या सुरभीची. आणि सुभेदारांची.

सुरभीला आधी गाठलं. ती घाबरलेलीच होती. त्या सकाळी ती गाडी घेऊन निघाली होती आणि हे तिनं पोलिसांना सांगितलं नव्हतं.

"गेल्याच आठवड्यात नवे पॅड बसवलेत," ती हात चोळत म्हणाली. "तेव्हापासून ब्रेक थोडे कुरकुरतात. लोक म्हणतील हिचीच गाडी. माझी नोकरी कच्ची आहे, दीदी, मी गप्प बसले."

मला तिचा राग आला. स्वतःची नोकरी सांभाळायला तिनं पोराला कोठडीत बसू दिलं होतं. पण प्रियदर्शिनीनं तिची गाडी चालवून पाहिली. नवे पॅड बारीक कुरकुरत होते, दहा वेळा ब्रेक लावला तरी तेवढेच. शिवाय रोज शाळेला जाणारी ती गाडी, तिच्या डिस्क आरशासारख्या लखलखत होत्या.

उरली सुभेदारांची. ती तर दिवाळीपासून झाकून ठेवलेली होती. डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यानं डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली होती.

"चावी पार्थकडेही असते," मी म्हणालो. पार्थ हा सुभेदारांचा मुलगा. गाडी विकायच्या मागे लागला होता, आणि गेल्याच आठवड्यात भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं होतं की म्हाताऱ्याची एवढी एक वस्तू तरी त्याच्याजवळ राहू दे. पार्थ तेव्हा जे बोलला होता ते मी इथे लिहीत नाही.

प्रियदर्शिनी चपला घालत होती आणि तिचा चेहरा मला आवडला नाही.

५

पार्थनं दार उघडलं. गाडी बघायची आहे म्हटल्यावर तो लगबगीनं पुढं झाला. सुभेदार आतून आले. दाढी वाढली होती, पण इस्त्रीचा शर्ट आणि ताठ कणा तसाच. त्यांनी सवयीनं प्रियदर्शिनीला जयहिंद केलं.

"रविवारी गिऱ्हाईक येणार आहे," पार्थ म्हणाला. "पण तुमच्यापैकी कुणाला हवी असेल तर बघा. दिवाळीपासून हललेली नाही."

त्यानं कव्हर ओढलं. गाडी नवीकोरी दिसत होती. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावलेले, हँडब्रेक सोडलेला. उभी गाडी अशीच ठेवायची ही सैन्यातली रीत.

प्रियदर्शिनी पुढच्या चाकापाशी बसली. चाकाच्या जाळीतून तिनं उजेड टाकला आणि मला बोलावलं. डिस्कच्या कडेला काळपट, जुना गंज होता. मधल्या भागात पातळ, केशरी, ताजा गंज. आणि एका बाजूला बोटभर लांबीचा, आयताकृती, फिकट ठसा.

"महिने महिने गाडी उभी राहिली की पॅडखालची जागा कोरडी राहते," ती म्हणाली. "बाकीच्या डिस्कवर गंज चढतो आणि पॅडचा ठसा उमटतो. थोडं चालवून तो पुरता जात नाही. बघ, ठसा कुठे आहे आणि पॅड कुठे आहे."

ठसा खाली होता. पॅड मागच्या बाजूला, वीतभर दूर.

ही गाडी हलली होती.

पार्थनं हातातलं कव्हर खाली टाकलं. "मी नाही," तो म्हणाला. "मी झोपलो होतो. दीदी, मी भाऊसाहेबांना वाटेल ते बोललो, पण मी नाही."

"गाडी धुतली कुणी, पार्थ?" तिनं विचारलं.

"धुतली?" तो गोंधळला. "मी कशाला धुवेन? शनिवारी वॉशिंगला नेणार होतो."

मी गाडीकडे पुन्हा पाहिलं. दिवाळीपासून झाकलेल्या गाडीच्या चाकांच्या खोबणीतही धुळीचा कण नव्हता. मडगार्डच्या आतल्या बाजूलाही नाही. जिथे कुणी बघत नाही तिथेही कुणीतरी पाणी मारून, फडक्यानं पुसून काढलं होतं.

प्रियदर्शिनी उठली. ती पार्थकडे पाहत नव्हती.

"साहेब," ती सुभेदारांना म्हणाली, "फेरीवरून आलेली गाडी धुतल्याशिवाय झाकायची नाही, हे तुम्ही किती पोरांना शिकवलंत?"

६

सुभेदार पायरीवर बसले. ते स्वतःच्या हातांकडे पाहत होते.

"मला वाटलं नव्हतं मी धुतली म्हणून," ते म्हणाले. "म्हणजे, धुतली तेव्हा लक्षातच आलं नाही. आलो, ठोकळे लावले, बादली भरली. हात आपले चालतच राहिले, मॅडम."

"पप्पा," पार्थ म्हणाला.

"तू गप रहा." आवाजात जोर नव्हता. "रविवारी गाडी जाणार होती. म्हटलं, एकदा शेवटची चौकापर्यंत नेऊन आणू. पहाटे कोण असतं? धुक्यात तर चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही दिसत नाही, मग माझं काय बिघडणार होतं? असा हिशेब केला मी."

घरामागून कुणाचा तरी कुकर वाजला.

"भाऊ त्या दिवशी लवकर उठून, एक चक्कर मारून माझ्याकडेच येत असणार. रोज तोच मला फेरीला घ्यायला यायचा, डोळे असे झाल्यापासून. मी दार उघडून उतरलो तेव्हा कळलं."

"श्वास चालू होता का, साहेब?" प्रियदर्शिनीनं विचारलं. तिचा आवाज इतका मऊ मी क्वचित ऐकला होता.

सुभेदारांनी शर्टाची बाही खाली ओढली. मग ते म्हणाले, "मला त्यानं ओळखलं."

मला भयंकर संताप आला होता आणि तो काढायला जागा नव्हती. या माणसानं मित्राला रस्त्यावर सोडलं, गाडी धुतली, संध्याकाळी त्याच्या चितेला अग्नी दिला, आणि त्याच हातानं नीरजला डबा नेऊन दिला. मी ते सगळं बोलून दाखवलं. तोंडावर.

"पोरगं सुटेल असं वाटलं होतं," सुभेदार म्हणाले. "अपघातच आहे, जामीन होईल. तरुण आहे, विसरेल. मी त्याला तसंच सांगितलं, धीर धर म्हणून."

"तो काय म्हणाला?" प्रियदर्शिनीनं विचारलं.

"म्हणाला, काका, मी मारलं असेल तर मला सुटायचंच नाहीये."

एवढं बोलून ते रडू लागले. मग उठले, आत जाऊन कोट घातला, बटणं लावली आणि म्हणाले, "चला."

७

नीरज संध्याकाळी सुटला. दरोग्यानं त्याला गाडीची चावी दिली, ती त्यानं माझ्या हातात ठेवली. वाटेत प्रियदर्शिनीनं त्याला सगळं सांगितलं. तू मारलं नाहीस, हे ती तीनदा म्हणाली. पहिल्यांदा तो रडला. सुभेदारांचं नाव ऐकल्यावर तो घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

भानुमतीकाकू दारातच उभ्या होत्या. त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. त्यांनी नीरजच्या चेहऱ्यावरून फिरवायला हात पुढं केला. तो वाकून पाया पडला, त्यामुळे हात हवेतच राहिला.

"मला तुझ्या गाडीचा आवाज ऐकू आला होता रे," त्या म्हणाल्या. "अंथरुणातून ऐकला मी. सगळे म्हणाले तेव्हा मला वाटलं..."

"मलाही वाटलं होतं, मामी." नीरजच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी तुम्हाला दोष देत नाही. पण तुम्ही थाण्यात येऊन एकदा विचारायचं होतं. मी काय उत्तर दिलं असतं, मला माहीत नाही. तरी विचारायचं होतं."

काकूंनी पान वाढलं, त्यानं खाली मान घालून जेवण केलं आणि ताट स्वतः उचलून धुतलं. वीस वर्षांत त्या घरात त्याला ताट कुणी उचलू दिलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्याला अडवायला काकूंचा हात धजला नाही.

"राहशील ना?" अखेर त्यांनी विचारलं.

"तेराव्यापर्यंत आहे मी," नीरज म्हणाला. "मग कारखान्याच्या हॉस्टेलला खोली मागतो."

काकूंनी होकारार्थी मान हलवली. त्या आत गेल्या, कपाटातून पाहुण्यांसाठी ठेवलेली नवी चादर काढली आणि ती त्याच्या खाटेवर घालू लागल्या.